मोबाईलचा पासंग

आमच्या जामच्या चौकात उभे राहिले की माणसाला दिशेचे मोल कळते. एक रस्ता नागपूरला जातो, एक हिंगणघाटावरून खाली हैदराबादेकडे उतरतो आणि एक वरोऱ्यावरून चंद्रपूरला फुटतो. नवखा ट्रकवाला चहाच्या टपरीवर आधी चहा मागत नाही, आधी रस्ता विचारतो. कारण इथे एक वळण चुकले की सकाळी भलत्याच मुलुखात उजाडते. मी या गावात सून म्हणून आले त्याला आता तीस वर्षे होत आली. इतक्या वर्षांत दिशेवरून कोणाचे काही बिनसल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. पण तीन वर्षांपूर्वी ते आमच्याच घरात घडले, आणि तेही बोटाएवढ्या होकायंत्रापायी. ते होकायंत्र मोबाईलमधले होते. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग येऊ नये म्हणून ती हकिगत सांगते.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, फार हिशेबी माणूस. चणा विकायचा असो की कापूस, व्यापाऱ्याच्या तराजूवर त्यांचा कधी भरवसा नसे. आधी म्हणत, "रिकामी पारडी दाखव." पारडी सरळ दिसली तरी त्यांचे समाधान होत नसे. एकदा वजन झाले की म्हणत, "आता माल तिकडच्या पारड्यात टाक आन् मापं इकडच्या." दोन्ही वेळा वजन सारखे भरले तर तराजू खरा. फरक पडला तर तराजूत पासंग आहे. शहरातल्या लेकरांना पासंग म्हणजे काय ते माहीत नसेल. रिकामा तराजू एका अंगाला झुकत असेल तर हलक्या बाजूला खडा नाहीतर चिंधी बांधून तो सारखा करतात. त्या खड्याला पासंग म्हणतात, आणि बोलण्यात तराजूच्या त्या खोटीलाही पासंगच म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे तो कामी पडणार आहे.

मामाजींनी आपल्या हयातीतच दोघा भावांच्या वाटण्या करून दिल्या. शेत एकच, मध्ये धुरा टाकला. धुरा म्हणजे तुमच्याकडचा बांध. पश्चिमेचे आमच्याकडे, उगवतीचे भाऊजींकडे. आपल्या वहीत त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, की पांदणीजवळच्या निंबापासून धुरा सरळ दक्षिणेला नाल्यापर्यंत, आणि नाल्याच्या काठी दगड. निंब ते दगड हे अंतर दोनशे मीटरच्या घरात. पंचवीस वर्षे तो निंब आणि तो दगड दोघा भावांत पहारा देत उभे होते. मग एका पावसाळ्यात नाला असा काही फुगला की काठ खचला आणि दगड वाहून गेला. धुराही नाल्याकडच्या अंगाला धुपून सपाट झाला. निंब तेवढा राहिला.

पेरणीच्या दिवसांत याकडे कोणी लक्ष दिले नाही. दोघांनी अदमासे तास धरले आणि कापूस लावला. पोळ्याच्या आधी भाऊजींचा मुलगा सुट्टीत घरी आला. पोरगा हुशार, तांत्रिक शिक्षण घेणारा. तो म्हणाला, "बाबा, आजोबांच्या वहीत दक्षिण लिहिली आहे ना? मग त्यात काय मोठं? फोनमध्ये होकायंत्र आहे." निंबाच्या बुंध्याशी उभा राहून त्याने फोन आडवा धरला. एकशे ऐंशी अंश म्हणजे दक्षिण. तो आकडा लागला त्या रोखाने त्याने खुंट्या ठोकत नेल्या. शेवटची खुंटी नाल्याकाठी आमच्या कपाशीत सतरा-अठरा पावले आत गेली.

आमचे हे संध्याकाळी शेतातून आले ते तोंड न धुताच ओसरीवर बसले. म्हणाले, "उभ्या कपाशीत खुंटी ठोकली. लहान्या भावानं." भाऊजी म्हणाले, "म्या नाही ठोकली, मशीननं दाखवली. मशीन खोटं बोलते काय?" ह्यांनी उत्तर दिले, "मशीन तुह्याच पोराचं आहे ना?" झाले! एवढ्या एका वाक्याने पंचवीस वर्षांचे मेतकूट आंबले. पुढे बोलणे बंद झाले, मग येणे-जाणे बंद झाले. जाऊबाई विरजण मागायला यायच्या त्या यायच्या थांबल्या. पोळ्याला आमच्या दोन्ही घरचे बैल नेहमी एकाच्या मागे एक, सोबत तोरणाखाली जायचे. त्या वर्षी ते वेगवेगळ्या वाटेने आले. मी बैलांना ओवाळले, तेव्हा धाकल्या घरच्या बैलजोडीसाठी ठेवलेली पुरणपोळी ताटात तशीच राहिली. त्या ताटाकडे पाहून मला रडू आले.

जमिनीचा हिशेब काही लहान नव्हता. मुलीला शाळेच्या पुस्तकावरून मांडायला लावले. दोनशे मीटर लांबीच्या रेषेत पाच अंशांची चूक झाली तर दुसऱ्या टोकाला साडेसतरा मीटरांचा फरक पडतो. मधला तिकोनी तुकडा सतरा गुंठ्यांच्या पुढे जातो. लहान शेतकऱ्याला सतरा गुंठे म्हणजे गंमत नव्हे. एका अंशाची चूक झाली तरी टोकाला साडेतीन मीटर जातात.

आता देवीची करणी पाहा. पोळ्यानंतर भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आमच्याकडे दोन्ही घरच्या महालक्ष्म्या थोरल्या घरीच बसण्याचा रिवाज. पुरुषांचे बोलणे बंद असले तरी देवीशी कोणी अबोला धरीत नाही. जाऊबाई आल्या, पुतण्याही दिव्यांच्या माळा लावायला आला. आम्ही देवीच्या पत्र्याच्या कोठ्या मांडत होतो. आमच्या घरी देवीचे तोंड उगवतीकडे असते. मखराची जागा बदलली होती म्हणून पुतण्या म्हणाला, "मोठी आई, थांब, मी पाहून देतो." त्याने होकायंत्र लावून फोन कोठीवर ठेवला. फोनाने उगवत म्हणून दाखवले ते आमच्या मोरीच्या दिशेला. मी हसून म्हटले, "बाप्पा, तीस वर्षं सूर्य माझ्या दारातून उगवते. आज मोरीतून उगवला काय?"

पोराने फोन उचलून हातात घेतला, काटा फिरला. कोठीवर ठेवला, पुन्हा फिरला. मग तो एकदम गप्प झाला. माळ तशीच हातात धरून म्हणाला, "मोठी आई, त्या दिवशी निंबापाशी आपल्या बोअरचा लोखंडी पाईप आहे ना? आणि स्टार्टरची पेटीही?" मी म्हटले, "आहे. आणि तुझ्या फोनाच्या कव्हराला ते टकटक चिकटणारं बटण काय आहे?" त्याने बटण पाहिले. ते चुंबकाचे होते.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक उरकल्यावर आम्ही तिघे, मी, जाऊबाई आणि पुतण्या, शेतात गेलो. घरच्या पुरुषांना सांगितले नाही. निंबापाशी उभे राहून नाल्याकाठच्या एका उंच बांबूकडे फोन रोखला, आकडा लिहिला. मग बांबूपाशी जाऊन तिथून निंबाकडे रोखला. जाताना जी दिशा, येताना तिच्या बरोबर उलट यायला हवी. दोन आकड्यांत नेमका एकशे ऐंशीचा फरक पडायला हवा. तो पडला नाही. निंबापासून वीस पावले दूर जाऊन पाहिले, आकडा पुन्हा निराळा. कव्हर काढून पाहिले, आणखी निराळा. जाऊबाई म्हणाल्या, "अगं माय, हे तर मामाजींनी पारडी बदलून पाहावी तसंच झालं." मला तेव्हाच पासंग आठवला. पुढे पुतण्याने आपल्या शिक्षकांना विचारून जे समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगते.

जुन्या होकायंत्रात सुई असते, ती टोकावर तोललेली असते आणि फिरते. मोबाईलमध्ये फिरणारी सुई नाही. पडद्यावर दिसतो तो काटा नुसते चित्र आहे. आत ज्वारीच्या दाण्याहून फार मोठा नसेल असा एक सेन्सर असतो. तो चुंबकाची ओढ तीन अंगांनी मोजतो: फोनाच्या लांबीकडे, रुंदीकडे आणि जाडीकडे. तीन अंगे लागतात कारण पृथ्वीची ओढ नुसती आडवी नसते. आपल्याकडे ती उत्तरेला जाता जाता जमिनीतही झुकते. फोन किती तिरपा धरला आहे ते दुसरा एक सेन्सर सांगतो. या सगळ्याचा मेळ घालून काटा दाखवला जातो.

ही पृथ्वीची ओढ फार नाजूक असते. ती मायक्रोटेस्ला नावाच्या मापात मोजतात. पृथ्वीवर निरनिराळ्या ठिकाणी ती पंचवीस ते पासष्ट असते, आपल्याकडे चाळिशीच्या थोडी वर. आता फोनाच्या पोटात काय काय आहे ते पाहा. आवाज देणाऱ्या स्पीकरमध्ये चुंबक आहे, थरथरणाऱ्या मोटारीत चुंबक आहे, पोलादाचे पत्रे आणि स्क्रू आहेत, वीज वाहणाऱ्या तारा आहेत. या घरच्याच मंडळींची ओढ पृथ्वीच्या ओढीहून भारी पडू शकते. म्हणजे तराजू हाती घेण्याआधीच त्यात मोठा पासंग बसलेला असतो.

हा पासंग फोन कसा ओळखतो? मामाजी ओळखायचे तसाच. समजा, फोन उत्तरेकडे केला आणि सेन्सरने साठ दाखवले. मग तोच फोन उलटा दक्षिणेकडे केला. फोन खरा असता तर आकडा तेवढाच, पण उण्या बाजूला, उणे साठ, यायला हवा होता. आला उणे वीस. साठ आणि उणे वीस यांचा मध्य वीस. हे वीस म्हणजे फोनाचा स्वतःचा पासंग, कारण फोन कोणीकडेही वळवा, तो फोनाबरोबरच वळतो. पृथ्वीची ओढ मात्र जागच्या जागी राहते. दर आकड्यातून वीस वजा करा: साठाचे चाळीस राहतात आणि उणे वीसचे उणे चाळीस होतात. पारडी सारखी झाली.

असे तिन्ही अंगांनी करायचे म्हणून फोन सांगतो की मला हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. लोकांना तो पोरखेळ वाटतो. पण तसे फिरवताना फोन सगळ्या दिशांना तोंड करतो. त्या वेळी घेतलेले सगळे आकडे बिंदू करून मांडले तर एका चेंडूचा आकार होतो. चेंडूचा मध्य शून्यावर हवा. तो सरकलेला असेल तर जितका सरकला तितका पासंग. कधी चेंडू सरकतोच असे नाही, तो चपटा होऊन अंड्यासारखाही होतो. आतले नरम लोखंड स्वतः चुंबक नसते, पण पृथ्वीची ओढ आपल्याकडे वाकवून घेते, त्याने हे होते. चांगल्या फोनात हेही हिशेबाने दुरुस्त होते. या सगळ्या खटाटोपाला कॅलिब्रेशन म्हणतात. आपण त्याला पासंग काढणे म्हणू.

पण हा पासंग एकदा काढला की जन्माचा गेला असे नाही. फोन स्पीकरवर ठेवला, चुंबकाच्या स्टँडवर लावला, चार्जिंगला जोडला, की तो बदलू शकतो. आमच्या पुतण्याच्या बाबतीत तर मौजच झाली. त्याने त्या दिवशी फोन आठाच्या आकारात फिरवला होता, नाही असे नाही. पण कव्हर मिटलेले असताना! मग निंबापाशी कव्हर उघडून मागे दुमडले. चुंबकाचे बटण पुढून मागे गेले. पासंग काढला एका तराजूचा आणि माल तोलला दुसऱ्या तराजूवर.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पासंग काढता येतो तो फोनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाचा. बोअरचा पाईप फोनाबरोबर फिरत नाही. विजेचा खांब, ट्रॅक्टर, लोखंडी फाटक, स्टार्टरची पेटी ही बाहेरची मंडळी. कोणी व्यापारी हळूच पारड्यावर अंगठा दाबून उभा असेल, तर तुम्ही पासंग कितीही काढा, वजन खोटेच येणार. तिथे उपाय एकच, अंगठ्यापासून दूर जाणे. लहान चुंबकापासून अंतर दुप्पट केले की त्याचा जोर आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून वीस-पंचवीस पावले गेले तरी पुष्कळ काम होते. आणि आपल्या भागात आणखी एक गंमत आहे. आपली काळी जमीन ज्या काळ्या दगडापासून झाली, तो दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला आणि थिजला. थिजताना त्यातल्या लोहाच्या कणांनी त्या काळची पृथ्वीची ओढ आपल्यात धरून ठेवली. अशाच दगडांची ती ओढ मोजून १९५० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवले की तेव्हा आपला भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. असा उघडा खडक पायाखाली असला तर तोही होकायंत्राला थोडे भुलवू शकतो.

माप घेण्याआधी माप तपासणे ही काही मोबाईलच्या जमान्यातली गोष्ट नाही. आमच्या शेजारी हिंगणघाटात विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ त्याने पहिली रेघ मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण मांडत तो अख्खा हिंदुस्थान मोजायला निघाला. शंभर फुटांची पोलादी साखळी तो वापरी. पण दुसरी तशीच साखळी नुसती ताडून पाहण्यासाठी बाजूला ठेवलेली असे, कारण वापराने साखळी ताणते आणि उन्हाने लांबते. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर त्याचे अर्ध्या टनाचे कोन मोजण्याचे यंत्र दोराने चढवताना भिंतीवर आदळले आणि त्याचे चक्र वाकले. दुसरा कोणी असता तर तसेच रेटून नेले असते. लॅम्ब्टनने तंबूत बसून सहा आठवडे ते चक्र केसाकेसाने पुन्हा गोल केले, आणि मगच पुढचा कोन मोजला. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटात त्याने देह ठेवला. मी ती हकिगत ऐकली तेव्हा मनात म्हटले, ज्या मातीत हा माणूस पडला आहे तिच्याच शेजारी आम्ही न तपासलेल्या मापावर भावाचा कापूस खुंटीत धरला!

दुसरी हकिगत आपल्याच महाराष्ट्रातली. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने नोंदी बिघडणार हे ओळखून तिथले प्रमुख नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात लोखंड वापरू दिले नाही. १९०४ साली ती सुरू झाली. पण ट्राम येण्याआधी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुने माप आणि नवे माप यांत किती अंतर आहे ते पक्के कळावे. १९०७ साली विजेची ट्राम धावली, तोवर काम झालेले होते. ती वेधशाळा आजही चालू आहे आणि आपल्या नागपूरलाही अशा नोंदी घेतल्या जातात. एवढ्या मोठ्या माणसांनी अंगठ्यापासून दूर जाण्यासाठी समुद्र ओलांडला. आपल्याला वीस पावले जड होऊ नयेत.

आता घरची गोष्ट पुरी करते. आम्हा बायकांना कळले होते, पण पुरुषांना सांगायचे कसे? आम्ही सांगितले असते तर म्हणाले असते, बायका एक झाल्या. पुतण्याच पुढे झाला. महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी तो ह्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मोठे बाबा, माह्या फोनात खोट होती. म्या तपासली नाही. खुंट्या मीच काढून आणल्या." ह्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. पण रात्री जेवताना मला म्हणाले, "पोरगं खरं बोललं. आपण काऊन गप्प आहो?"

तरी धुरा कुठे, हा प्रश्न होताच. आठ दिवसांनी भाऊजीच ओसरीवर आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "दादा, ध्रुव तर खोटा बोलणार नाही." लहानपणी मामाजींनी दोघांना आभाळातले तारे दाखवले होते. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत कुठे कुठे बराच फरक असतो. आपल्या विदर्भात तो एका अंशाच्या आतच आहे. ध्रुव मात्र कोणत्याही लोखंडाला भुलत नाही, आणि तोही खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आतच राहतो.

पाऊस उघडून आभाळ स्वच्छ व्हायची वाट पाहिली. कोजागिरीनंतरच्या एका अंधाऱ्या रात्री सगळे घर शेतात गेले. भाऊजींनी निंबाच्या उंच फांदीला कंदील बांधला. नाल्याकाठी बांबूच्या तिकाटण्याला दोरी बांधून खाली दगडाचा ओळंबा सोडला. आमचे हे दोरीच्या मागे एक डोळा मिटून उभे राहिले. दोरीआड ध्रुवही जावा आणि त्याच दोरीआड कंदीलही जावा, अशी जागा शोधायची. पुतण्या तिकाटणे बोटाबोटाने सरकवत होता. "उगवतीकडं घे... आणखी... बस बस!" मग हे बाजूला झाले आणि भाऊजींना हाक मारली, "लहान्या, तू ये, तुह्या डोळ्यानं पाह्य. मग मले सांग." भाऊजी निंबापासून कपाशीतून वाट काढत आले. डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे, दादा." थंडी नव्हती, तरी त्यांचा आवाज कापत होता.

तिथे आम्ही खुंटी ठोकली. ती पुतण्याच्या खुंटीपासून पुष्कळ उगवतीला आली. हेही सांगितले पाहिजे की आमच्या अदमासाने धरलेले आमचेच दोन तास भाऊजींच्या हद्दीत गेले होते. त्या दोन तासांचा कापूस वेचून मी जाऊबाईंच्या घरी पोचवला. त्या नको म्हणत होत्या, मी ऐकले नाही. पुढे दोघा भावांनी मिळून तालुक्याला मोजणीचा अर्ज केला. शासनाचा मोजणीदार उपग्रहाच्या संदेशावर चालणारे यंत्र घेऊन आला. ते होकायंत्रावर विसंबत नाही. त्याने दिलेली खूण आणि आमची ध्रुवाची खुंटी यांत दोनेक पावलांचाच फरक निघाला. मोजणीदाराची खूण आम्ही मान्य केली आणि तिथे नवा दगड बसवला.

माझ्या शेतकरी भावाबहिणींना माझे सांगणे एवढेच आहे. मोबाईलचे होकायंत्र वाईट नाही. सौर पंपाच्या तावदानांचे तोंड दक्षिणेला आहे का, नव्या गोठ्याचे दार कोणीकडे येईल, अनोळखी रानात गाव कोणत्या बाजूला आहे, एवढ्याला ते खुशाल वापरा. पण आधी कव्हर काढा. हातातले घड्याळ, विळा, किल्ल्या बाजूला ठेवा. लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून वीस-पंचवीस पावले दूर मोकळ्या जागी जा आणि फोन आठाच्या आकारात चार-पाच वेळा फिरवा. मग ज्या दिशेची खात्री आहे अशा एखाद्या खुणेवर, देवळाच्या दारावर नाहीतर ध्रुवावर, तो ताडून पाहा. जाताना आणि येताना दोन्हीकडून रोखून पाहा. एवढे करूनही काही अंशांची चूक राहतेच, म्हणून हद्द आणि धुरा यांना त्याचा हात लावू नका. त्यासाठी सरकारी मोजणी आहे.

नाल्याकाठच्या नव्या दगडाशी भाऊजींनी एक निंबाचे रोप लावले. पुढच्या पोळ्याला दोन्ही घरचे बैल पुन्हा सोबत निघाले. ओवाळताना ह्यांनी मला हळूच विचारले, "त्या दिवशी लहान्याले मी जे बोललो, 'तुह्याच पोराचं मशीन', ते कोणत्या पासंगानं बोललो असन?" मी काही उत्तर दिले नाही. बैलांपुढे दोन पोळ्या ठेवल्या, एक आमच्या जोडीला आणि एक त्यांच्या.